आतल्या शिवणी

शर्ट पिळताना कडेची शिवण माझ्या हाताला जाड लागली. मी शर्ट उलटा केला. बगलेपासून खालपर्यंत एक शिवण होती, तिच्या आत दुसरी, आणि तिच्याही आत तिसरी. बाहेरून पाहावं तर काहीच नाही. सरळ, बारीक टाक्यांची, मास्तरांच्या हातची. बादलीतला दुसरा शर्ट काढला, तोही तसाच. गळ्याचं बटण मात्र उलट बाहेरच्या बाजूला सरकवलं होतं. जुन्या जागी दोऱ्याचा ठिपका राहिला होता. आमच्याकडे बटणं लावायचं काम माझं. हे बटण मी लावलेलं नव्हतं.

मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, आणि चारचौघांत मीही. जिन्याखालच्या खोलीत आमचं शिवणाचं दुकान होतं. दारापाशी त्यांचं मशीन, मागे जिन्याच्या उतरत्या छताखाली माझं स्टूल. मास्तर उठले नाहीत तर मला बाहेर पडता येत नसे. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला त्याची गंमत वाटायची. मी आत काजं करायची, तुरपाई करायची, ते शिवायचे, आणि गिऱ्हाईक नसलं की दोघं मिळून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायचो. कुणाची बाही चढलीय, कुणाचा कोट मेलेल्या भावाचा आहे, हे त्यांना लांबून कळायचं.

त्या सवयीनंच मला फसवलं. माणूस अंगानं उतरला की आधी त्याचा कपडा सांगतो. खांदा ओघळतो, कॉलर मानेपासून सुटते. मास्तरांचा खांदा जागेवर होता, कॉलर जागेवर होती, म्हणून माणूसही जागेवर आहे असं मी धरून चालले होते. वरच्या मजल्यावरचा कंडक्टर तर म्हणायचा, "मास्तर, या वयात तब्येत राखावी ती तुम्हीच. शर्ट कसा अंगावर ओतल्यासारखा बसतो." मास्तर हसायचे.

जेवताना मात्र दिसत होतं. आधी ते प्रत्येक घासावर पाणी प्यायला लागले. मग पाव चहात बुडवून, मग पावाची कड काढून. दाढ दुखते म्हणायचे. एकदा उकडलेला बटाटा छातीत अडकला, तेव्हा भिंतीला हात टेकून उभे राहिले. तोंडातली लाळसुद्धा खाली जाईना. मोरीत जाऊन सगळं टाकून आले आणि म्हणाले, बटाटा कोरडा होता.

मी तसाच ओला शर्ट घेऊन दुकानात गेले. ते कुणाच्या तरी पँटला पट्टी लावत होते.

"हे काय आहे?"

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "फिटिंग."

"कुणाचं?"

"ढगळ होत होता. घेतला आत."

"आणि गळा? तो का सोडलात?"

त्यांनी पँट बाजूला ठेवली. मग त्यांनी वरचं बटण काढलं, माझं बोट धरलं आणि डाव्या गळपट्टीच्या हाडावर नेऊन टेकवलं. बोटाखाली बटणाएवढी गाठ होती. टणक, जागची न हलणारी.

मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, कॉलर टोचायला लागली तेव्हापासून. आजाराची भीती मला नंतर वाटली. आधी राग आला. दुपारी मला दोरा आणायला पाठवून हा माणूस अर्धं दार ओढून स्वतःचे कपडे आत घेत बसला होता, आणि मी त्याच रंगाचा दोरा निवडून आणत होते. एवढ्याशा खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून बसून, त्यांनी मला बाहेर ठेवलं होतं.

पुढे दवाखाने सुरू झाले. तोंडातून नळी घालून आत पाहिलं, तुकडा काढून तपासला, मोठ्या यंत्रात निजवून फोटो काढले. लेक रजा टाकून आली. वन्सं आल्या. त्या दोघींनी ठरवलं की मास्तरांना काही सांगायचं नाही. घशाला सूज आहे, एवढंच. मला दोघींनी दम दिला. मग दोन खोल्यांत आम्ही चार माणसं ती सूज सांभाळत राहिलो. कुणी कुजबुजलं की मास्तर डोळे मिटून घेत. मी त्यांच्यासमोर बसले की हात कशाला तरी लावायची, उगाच घड्या मोडून पुन्हा घालायची. मला जे हवं होतं ते एवढंच की आमच्या दोघांत आता आणखी शिवण नको. आणि तीच मी रोज घालत होते.

ती त्यांनीच उसवली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई कागद चाळत होत्या, आमच्या लेकीच्याच वयाच्या. मास्तरांचा आवाज तोवर घोगरा झाला होता. ते म्हणाले, "बाई, डाग एका जागी आहे, का कापडभर गेलाय?"

लेकीनं माझा हात दाबला. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि सांगायला लागल्या. अन्ननलिकेला आतून मऊ अस्तर असतं, रोग तिथे सुरू होतो. मग तो भिंतीत शिरतो. पोटातल्या बऱ्याच अवयवांना बाहेरून पातळ आवरण असतं, ते काही काळ तरी अडवतं. अन्ननलिकेला छातीत तसं आवरणच नाही. भिंत ओलांडली की शेजारी श्वासनलिका, शेजारी आवाजाची नस. शिवाय भिंतीतच बारीक रसवाहिन्यांचं जाळं असतं, वर आणि खाली लांबवर धावणारं. त्यातून पेशी निसटतात आणि गाठींत जाऊन बसतात. मानेतली गाठ ती. रक्तातून काही यकृतात गेल्या आहेत, तिथे ठिपके दिसले.

"म्हणजे अस्तर आहे, पण वरचं कापड नाही," मास्तर म्हणाले.

"तसंच म्हणा."

"मग एक जागा कापून भागायचं नाही."

"नाही. गिळायला सोपं जाईल असं मात्र करू."

मास्तरांनी मान हलवली. बाहेर बाकावर आल्यावर लेकीला म्हणाले, "आणि तू किती दिवस सुजेचं गाणं गाणार होतीस गं?" ती हसायला गेली आणि रडली. मीही रडले. फार दिवसांनी मला छातीभर श्वास घेता आला.

बाईंनी अन्ननलिकेत जाळीची नळी बसवली. मास्तर कंडक्टरला कुजबुजत्या आवाजात सांगत, "आतून नवीन अस्तर मारून घेतलंय." पातळ पदार्थ जायला लागले. अंग मात्र आटतच राहिलं. पायात मशीन चालवायचं बळ उरलं नाही, तरी ते घरी राहायला तयार नव्हते. मग मी मशीनवर बसायला लागले आणि ते माझ्या स्टुलावर, पाठीला उशी लावून. आता मी उठल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नव्हतं.

एका दुपारी मागून त्यांनी माझ्या खांद्याला शर्ट लावला. स्वतः बनियनवर बसले होते.

"घे आत."

इतक्या वर्षांत लांब शिवण त्यांनी मला कधी घालू दिली नव्हती. मी टेप काढली आणि त्यांच्या छातीभोवती गुंडाळली.

"श्वास सोडा."

"सोडलेलाच आहे."

टेपवरचा आकडा मी मोठ्यानं वाचला नाही. त्यांनीही विचारला नाही. खडूची रेघ ओढली, शिवायला घेतलं. कडेला कापडाचे थर इतके झाले होते की सुई अडत होती, आणि मला नीट दिसत नव्हतं. एक बाजू झाली, दुसरी झाली. आतलं सगळं जादा कापड फासळीवर टोचणार, म्हणून मी कात्री उचलली. त्यांनी हात पुढे करून ती खाली दाबली.

"कापू नकोस."

"टोचेल ना तुम्हाला."

"टोचू दे. अंग भरलं तर सोडायला कापड नको?"

मी वळून पाहिलं. ते हे खरंच म्हणत होते की माझ्यासाठी, ते चेहऱ्यावरून कळेना. मी कात्री जागेवर ठेवली. त्यांनी शर्ट घातला, बटणं मीच लावली. कॉलर मानेशी बरोबर बसली होती.

तो शर्ट त्यांनी शेवटपर्यंत घातला. नंतर लेक कपडे बांधायला आली, तेव्हा तेवढा मी मागे ठेवून घेतला. दुकानात मशीनवर बसून सावकाश उसवला. आधी आतली शिवण, मग तिच्या बाहेरची, मग तिच्याही बाहेरची. शर्ट पुन्हा लग्नातल्या माणसाएवढा रुंद झाला. इस्त्री केली, तरी टाक्यांची भोकं बुजली नाहीत. दारातल्या उजेडात धरला तर भोकांच्या ओळी दिसत होत्या, एकीशेजारी एक, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. सगळ्यांत आतली तेवढी वाकडी होती. ती माझी.