बर्थाची राजेळी

बोळिंजच्या वाडीतली राजेळी केळी म्हणजे बर्थाचा जीव की प्राण. त्या केळ्यांची तिने उन्हात वाळवलेली सुकेळी चर्चच्या सणाला हातोहात संपायची, आणि 'बर्थासारखी कुणाला जमत नाहीत' हे ऐकायला ती आवारभर कान टवकारून फिरायची. आपलं वाण दुसऱ्याच्या वाडीत रुजू द्यायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

पण बुंध्याशी फुटलेला मुनवा कुणी लावायला मागितला, तर नाही म्हणायची वाडीवाल्यांत रीत नाही. नाही म्हणणारी चिक्कू ठरते. बर्थाने त्यावर नामी तोड काढली होती. ती हसतमुखाने मुनवा द्यायची, फक्त आदल्या रात्री तापलेली सळई त्याच्या मधल्या कोंबात खुपसून ठेवायची. मुनवा थोडे दिवस तग धरायचा आणि मग मान टाकायचा. वर "तुज्या हाताला गुनच नाय गे," म्हणून हळहळायला ही मोकळी.

शेजारच्या क्लेमेंटीनचे असे दोन मुनवे मेले. तिसरा तिने मुद्दाम चर्चमधली मिस्सा सुटल्यावर चारचौघांत मागितला, आणि पुढच्या रविवारी बर्थाने तो फादरांच्या समोर दिलाही. क्लेमेंटीनने मात्र तो लावलाच नाही. तिची भाची विनी रोपांच्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिच्याकडे दिला.

विनीने मुनव्याच्या बुडाचा गड्डा चिरून पाहिला. मधला कोंब जळून काळा पडला होता, पण कडेला एक डोळा जिवंत होता.

"मावशी, एवढ्याशा पेशी पुष्कळ झाल्या," ती म्हणाली. "बाटलीत वाढवते. एकाची शंभर होतील, सगळी हुबेहूब बर्थामावशीची."

पुढच्या सणाला चर्चच्या आवारात हिरव्यागार रोपांची रांग लागली. क्लेमेंटीन घराघराला रोप वाटत होती आणि फादर माइकवरून सांगत होते, "ही सगळी बर्थाबाईंनी दिलेल्या एका मुनव्यापासून झालीत. देणाऱ्याचं मन असं मोठं हवं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्थाच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती तरातरा क्लेमेंटीनपाशी गेली. "ही माजी नायत. असतीलच कशी? मी दिला तो मुनवा तर..."

"तर काय, बाय?" क्लेमेंटीनने अगदी गोड आवाजात विचारलं. फादरही बोलायचे थांबले. माइक चालूच होता.

बर्थाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. रागाने तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"तर... फारच नाजूक व्हता," ती म्हणाली. "पानी बेतानं घाला."