विबेकेच्या केकला कोणी नावं ठेवेना

विबेकेच्या केकला कोणी नावं ठेवत नव्हतं. आता हे दुःख सांगायचं तरी कोणाला? ऐकणारा म्हणेल, बाई, वेड लागलंय का तुला! तिच्या नवऱ्याने, निसने, नेमकं तेच म्हटलं होतं. पण निसचं काय घेऊन बसलात? तो दिवसभर डुकरांत असतो, आणि डुकरं कशालाच नावं ठेवत नाहीत.

डेन्मार्कातल्या या राउन्सबोल गावात हिवाळा लागला की दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी बायकांची कॉफी असते. कॉफी म्हणायचं आपलं, खरं तर ती केकची लढाई. सात मऊ प्रकार, सात कडक, असा इकडचा नेम. आधी लोणी लावलेला गोड पाव, मग साधे केक, मग सायीचे थर दिलेले, आणि शेवटी बिस्किटं. पाहुणीने प्रत्येकातलं घ्यायचंच. पोट भरलं म्हणायची सोय नाही. बशीत तुकडा राहिला तर यजमानीण ते वर्षभर विसरत नाही.

आणि खाताना तोंडं गप्प राहतील तर शपथ. म्हातारी बोटिला पहिला घास घेऊन म्हणायची, "फ्राउके, सुरी दिलीस ती ठीक आहे, पण कुऱ्हाड कुठेय?" फ्राउके उंच, हाडकुळी, फटकळ. ती म्हणायची, "दात नसले की सगळंच कडक लागतं गं." मग दोघी मिळून टिनेवर घसरायच्या. टिनेच्या केकात दालचिनी जास्त असायची. "टिने, तुझ्या घरी दालचिनीची खाण लागलीय का?" टिने म्हणायची, "लागलीय, आणि तुम्हाला त्यात पुरणार आहे." आणि सगळ्या खिदळायच्या, पुढचा तुकडा घ्यायच्या.

विबेकेची पाळी आली की मात्र सगळ्या सरळ बसायच्या. घास घ्यायच्या, माना हलवायच्या आणि म्हणायच्या, "फारच छान हं, विबेके."

फारच छान! हे शब्द विबेकेला चांगले ठाऊक होते. एकदा पाद्रीणबाईंनी मधोमध कच्चे राहिलेले पाव वाढले होते, तेव्हाही सगळ्यांनी "फारच छान" म्हटलं होतं, आणि फाटकाबाहेर पडल्यावर त्या पावांचं जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही. म्हणजे "फारच छान" हे पाद्रीणबाईंसाठी, बँकेच्या साहेबाच्या बायकोसाठी. परक्यांसाठी. विबेके लग्न होऊन कोपनहेगनहून इथे आली त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि अजून ती फारच छान होती.

हेही तिने गिळलं असतं. पण टिनेच्या मुलीचं लग्न ठरलं. इथे लग्न म्हटलं की आदल्या आठवड्यात गावातल्या जवळच्या बायका मुलीच्या घरी जमतात आणि दिवसभर मिळून केक भाजतात. कोणाला बोलावलं, कोणाला नाही, हे लग्नापेक्षा मोठं. विबेकेने स्वतःहून विचारलं, "शनिवारी मीही येऊ का गं, अंडी फोडायला?" तर टिने गडबडून म्हणाली, "छे छे, तू कशाला त्रास घेतेस? तू आपली लग्नाला ये, छान कपडे घालून!"

छान कपडे घालून. विबेके घरी आली आणि तिने ओट्यावर पातेलं असं आपटलं की निस डुकरं सोडून आत आला.

"काय झालं?"

"मी पाहुणी आहे. मरेपर्यंत पाहुणीच राहणार. कबरीवरसुद्धा लिहितील, फारच छान बाई होती."

"मग वाईट काय आहे त्यात?" निस म्हणाला, आणि तिचं तोंड बघून परत डुकरांकडे गेला.

त्या गुरुवारी पाळी विबेकेचीच होती, आणि शनिवार दोन दिवसांवर. तिने विचार केला, आपला केक चांगला होतो हाच घोळ आहे. नावं ठेवायला जागाच नसेल तर बायका ठेवणार कुठे? तर जागा करून देऊ. भरपूर देऊ. एकदा कोणीतरी तोंड वाकडं करून म्हणू दे, "शी, विबेके, हे काय केलंयस?" की झालं, आपण आत.

बाई कामाला लागली. काळ्या पावाच्या केकात साखरेच्या जागी मीठ घातलं, मूठभर. मधाचा केक भट्टीत ठेवला आणि जाऊन इस्त्री करत बसली, तो काळा होईस्तोवर. बिस्किटांच्या पिठात लोणी घालायचंच टाळलं, आणि ती अशी निघाली की एक खाली पडलं तेव्हा फरशीचा टवका उडाला. चांगल्या हाताला वाईट करायची सवय नसते, मध्येच तिचा हात आपोआप साखरेकडे जायचा आणि ती स्वतःलाच चापट मारायची.

निसने चव घ्यायला बोट पुढे केलं. चव घेतली. बोट पाटलोणीला पुसलं.

"उरलं तर डुकरांना देऊ नकोस," तो शेवटी म्हणाला. "मला ती विकायचीयत."

फक्त एक केक तिच्याने बिघडवला गेला नाही. बदामाचा, संत्र्याची साल किसून घातलेला, आईचा. आईच्या हातचा तो केक खाऊन ती मोठी झाली होती. त्यात मीठ घालायचं तिच्या जिवावर आलं. म्हटलं, राहू दे, चौदातला एक चांगला असला म्हणून काय बिघडतं.

गुरुवारी संध्याकाळी तिघी आल्या. कोट काढले, थंडीला शिव्या घातल्या, बसल्या. विबेकेने कॉफी ओतली.

मिठाचा केक पहिल्यांदा टिनेच्या तोंडात गेला. टिनेचे डोळे मोठे झाले. मग ते पाण्याने भरले. तिने कॉफीचा अख्खा कप एका दमात रिकामा केला, दुसरा ओतून घेतला, तोही संपवला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "फारच छान हं."

"खरंच?" विबेके म्हणाली. "काही कमी-जास्त नाही ना वाटत?"

"छे गं. अगदी... भरगच्च चव आहे."

फ्राउकेने बिस्किट तोंडात घातलं. कटकन आवाज झाला. बिस्किटाचा की दाताचा ते कळलं नाही. तिने गालावर हात ठेवला, जिभेने आत काहीतरी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "खुसखुशीत आहे." जळक्या मधाच्या केकवर बोटिलाने सुरी दाबली. दुसऱ्यांदा दाबली. मग उभी राहून दोन्ही हातांनी दाबली, तेव्हा कुठे तुकडा निघाला. तो तिने खाल्ला. सगळा! वर मिठाच्या केकचा दुसरा तुकडा मागून घेतला.

विबेके बघत राहिली. अरे, या बायका आहेत की कोण? या मरतील पण बोलणार नाहीत. ती रडायच्या बेताला आली, आणि तेवढ्यात बोटिला घास गिळून फ्राउकेकडे वळली.

"मागच्या गुरुवारी तू जे वाढलंस ना, त्यानंतर माझं पोट तीन दिवस धरलं होतं. जरा विबेकेकडून शीक."

झालं. विबेकेचा बांध फुटला.

"माझ्याकडून काय शीक?" ती ओरडली. "मीठ घातलंय मी त्यात! मूठभर मीठ! तो मधाचा केक जाळलाय, मुद्दाम जाळलाय! आणि तुम्ही बसून फारच छान, फारच छान करताय! आणि बोटिला, तुझ्या काळ्या पावाच्या केकबद्दल ऐकायचंय? भुसा आहे तो! लाकडाचा भुसा! पहिल्या दिवसापासून कॉफीबरोबर ढकलतेय मी तो घशाखाली!"

टिनेचा हात कपाशी तसाच राहिला. बोटिलाचा काळ्या पावाचा केक म्हणजे गावाची शान. पाद्री त्याच्यासाठी प्रवचन आटोपतं घेतो. संपलं, विबेकेला वाटलं. आता भाजायला तर सोडाच, लग्नालाही बोलावणार नाहीत.

बोटिलाने कप खाली ठेवला.

"भुसा म्हणालीस?"

"हो," विबेके म्हणाली. आता मागे कशाला हटायचं?

"आणि दर वेळी दुसरा तुकडा मागून घ्यायचीस, ते काय होतं?"

"ते... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"ऐकलंत का गं?" बोटिला दोघींकडे बघून म्हणाली. "दहा वर्षं! दहा वर्षं ही बया माझ्या तोंडावर म्हणतेय, बोटिला, असं काही मी जन्मात खाल्लं नाही! मला वाटायचं, राजधानीची बाई, हिला तोंडावर बोललेलं सोसत नसेल. जो दुसऱ्याला एक शब्द बोलत नाही, त्याला आपण कसं बोलायचं?"

"मला तर वाटायचं हिला चवच कळत नाही," फ्राउके म्हणाली. "मी एकदा साखर विसरले होते, तर ही म्हणाली, किती नाजूक!"

"आणि मी आज घाबरलेच," टिने कपाळावर हात मारत म्हणाली. "म्हटलं, हिच्या घरी कोणीतरी गेलंय, आणि हिने रडत रडत केलंय. असल्या वेळी कसं बोलायचं? खाल्लं मुकाट्याने!"

"मी दुसरा तुकडा त्याच दयेपोटी घेतला," बोटिला म्हणाली. "दे ते पाणी इकडे. मेले मी."

फ्राउकेने रुमालात काहीतरी थुंकलं, आणि मग काय विचारता! दहा वर्षांचं साठलेलं बाहेर पडायला लागलं. विबेकेची कॉफी म्हणजे धुतलेल्या कपाचं पाणी. विबेकेचे तुकडे कसे, तर बाहुलीच्या लग्नाला कापल्यासारखे. विबेके सायीत साखर घालते, शी, साय ती, तिला सायीसारखी लागू दे की! विबेके एकेक ऐकत होती आणि तिचे गाल तापत होते. तिला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मिठाच्या केकवर त्या तुटून पडल्या तेव्हा तर ती स्वतःच त्यात सामील झाली.

"पण सगळ्यांत वाईट सांगू?" बोटिलाने सुरीने दाखवलं. "तो. बदामाचा. मिठाचा तरी कळतो, की बाई वेडी झालीय. पण हा? मध्ये कच्चा, चिकट, टाळूला चिकटून बसतो. हा तू दर वर्षी करतेस, आणि दर वर्षी मी घरी जाईपर्यंत जिभेने तो सोडवत असते."

विबेकेचं हसू थांबलं.

"तो बिघडवलेला नाहीये."

"म्हणजे?"

"तो माझ्या आईचा आहे. तो तसाच असतो."

टिनेने खाली बघितलं. फ्राउकेनेही. पण बोटिलाने नाही.

"मग तुझ्या आईलाही कोणी सांगितलं नाही, बिचारीला."

"कच्चा नाहीये तो!" विबेके एकदम उभी राहिली. "ओलसर आहे! बदामाचा केक ओलसरच असतो! तुम्हाला सगळ्यांना भुसा खायची सवय!"

"ओलसर? पिळला तर पाणी निघेल!"

"निघू दे! निदान गिळायला कॉफी लागत नाही!"

"लागते ना, टाळू धुवायला!"

आरडाओरडा ऐकून निस गोठ्यातून धावत आला. दारात उभा राहून बघतो तर बायको लालबुंद, हातात केकची सुरी, समोर सत्तर वर्षांची बोटिला तेवढ्याच आवेशात बशी धरून, आणि टिने-फ्राउके मधोमध दोघींना बाजूला करायचं सोडून, आपापला मुद्दा ओरडून सांगतायत. तो आल्या पावली परत डुकरांकडे गेला.

निघताना तिघींनी कोट घातले. बोटिला टोपीची गाठ मारत दारापाशी थांबली, अजून रागातच.

"शनिवारी सकाळी टिनेकडे ये. लवकर. एप्रन आपला आण. अंडी फोड, लोणी फेट, काय वाटेल ते कर. पण बदामाला हात लावायचा नाही."

"लावणार!" विबेके म्हणाली.

"लावून दाखव!" असं म्हणून बोटिलाने दार ओढून घेतलं.

निस आत आला तेव्हा विबेके त्या चौदा बशांसमोर बसली होती आणि ढसाढसा रडत होती. रागाने रडत होती. इतका राग या गावात आल्यापासून तिला कोणाचा आला नव्हता.

"आईच्या केकला कच्चा म्हणाली," ती हुंदके देत म्हणाली. "आईच्या! आणि शनिवारी मला त्यांच्याबरोबर दिवसभर काम करायचंय."

निसला फार वाईट वाटलं. तिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "नको जाऊस. मी टिनेला फोन करून सांगतो, तुला बरं नाहीये म्हणून."

"खबरदार!" विबेके ओरडली, आणि उठून आधी फोनच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.