पुढे कुणीतरी उभं आहे

"तुम्हाला? अँटीरडार?" तोलेगेननं हातातला पाना खाली टाकला आणि गॅरेजच्या दारातून शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली. "सेरिक, अरे पळत ये! ओराझबेक आगा अँटीरडार बसवायला आलेत!"

सेरिक हात पुसत आला. पांढऱ्या निवा गाडीशेजारी खोकं छातीशी धरून उभ्या असलेल्या ओराझबेककडे त्यानं एकवार पाहिलं आणि पोट धरून हसला. "लांडग्यानं कुत्रा पाळला म्हणायचा!"

बाल्काश सरोवराजवळच्या हमरस्त्यावर ओराझबेकनं सगळी नोकरी केली होती. वाहतूक पोलीस. हातात रडार घेऊन वाऱ्यापावसात उभं राहायचं, सुसाट येणारी गाडी टिपायची, काठी आडवी करायची. आणि आता तोच माणूस पुढचं रडार आधी ओळखणारं यंत्र विकत घेऊन आला होता. हसतील हे त्यानं घरून निघतानाच गृहीत धरलं होतं.

"तुम्ही सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा सोडलं नाहीत," तोलेगेन खोकं उघडता उघडता म्हणाला.

"फार जोरात येत होता."

"म्हणून तर पोराच्या लग्नाला त्यानं अख्खं गाव बोलावलं आणि तुम्हाला..." तोलेगेननं जीभ चावली. सेरिकला उगाचच टायर आठवला आणि तो निघून गेला.

"बरं, आगा, हे सोपं आहे," तोलेगेन घाईनं म्हणाला. "सिगरेट लायटरच्या भोकात पिन खुपसायची. घरी तुम्हीही केलं असतं."

"तसं नको. वायर लोंबकळायला नको. दिसायलाच नको. नीट बसव."

"नीट म्हणजे दाराजवळच्या खांबाचं कव्हर काढावं लागेल. तासभर जाईल."

"जाऊ दे की. मला कुठं पळायचंय?"

तोलेगेननं आरशामागे काचेवर ते छोटं यंत्र चिकटवलं. वायर छताच्या कापडाखाली बोटानं सारत सारत कोपऱ्यापर्यंत नेली, तिथून दाराजवळच्या खांबात उतरवली आणि रबराच्या पट्टीमागे दाबत खाली फ्यूजच्या डब्याशी आणली. ओराझबेक शेजारच्या सीटवर बसून बॅटरीचा उजेड धरून होता. बायको कुल्याश वारल्यापासून त्या गाडीत दोन माणसं बसली नव्हती. तोलेगेन आपल्या सासूबद्दल कुरकुरत होता, मध्येच "इथं धरा", "जरा वर" म्हणत होता. काम लवकर संपू नये असं ओराझबेकला वाटलं.

"किल्ली फिरवली की हे चालू, किल्ली काढली की बंद. गाडीची बॅटरी उतरायची नाही," तोलेगेन म्हणाला. "पण एक सांगा. तुम्ही बैलगाडीसारखी गाडी चालवता. तुम्हाला कोण पकडणार?"

"म्हातारपणी अंदाज राहत नाही."

हे खोटं होतं. खरं त्याला सांगता आलं नसतं.

घरात टीव्ही होता. रविवारी अक्ताऊहून मुलगी मोल्दिर फोन करायची, "जेवलात का पापा?" विचारायची, आणि मागे तिची पोरं भांडायला लागली की फोन ठेवायची. चहाच्या दुकानात तो बसला की बाकावर जागा व्हायची, पण शेजारी कुणी सरकायचं नाही. ड्रायव्हर लोक दंड विसरले नव्हते. जुने सहकारी दुसरंच विसरले नव्हते: ओराझबेक स्वतः पैसे खात नसे आणि शेजारच्यालाही खाऊ देत नसे. कुल्याश होती तोवर हे जाणवत नव्हतं. तीच घरभर बोलायची.

पण रस्ता असा मुका नव्हता. रस्त्यावर माणसं त्याच्याशी हुज्जत घालायची, शपथा घ्यायची, आजारी आईची सबब सांगायची. एका म्हातारीनं त्याला "तुझ्या मिशा गळून पडोत" असा शाप दिला होता आणि वर वाळवलेल्या दह्याचं कुर्तही हातावर ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, अजूनही तिथं वर्दीतली पोरं कुडकुडत उभी असतील. यंत्र वाजलं की समजायचं, पुढे कुणीतरी उभं आहे. थांबायचं, ओळख सांगायची, घटकाभर बोलायचं. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बेकरीतून पिठाचे तळलेले ताजे बौरसाक घेतले, थर्मासमध्ये दूध घालून चहा भरला आणि निवा उत्तरेच्या रस्त्याला लावली. उजवीकडे सरोवर करडं पडलं होतं. खारवलेले मासे विकणाऱ्या बायकांनी तोंडं शालीत गुंडाळली होती.

यंत्र वाजलं. त्यानं गाडी कडेला घेतली, टोपी नीट केली आणि उतरला. वर खांबावर कॅमेरा होता. आसपास चिटपाखरू नव्हतं.

खूप पुढे यंत्र पुन्हा वाजलं. या वेळी तीन पायांच्या स्टँडवर कॅमेऱ्याची एक पेटी उभी होती आणि थोडं मागे, झुडपाआड, एक गाडी. ओराझबेकनं बौरसाकची पिशवी उचलली. आत तिशीतला एक माणूस कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाइल बघत होता. काचेवर टकटक केल्यावर त्यानं काच चार बोटं खाली घेतली.

"काय आगा, गाडी बंद पडली का?"

"नाही नाही. मी पण या रस्त्यावरचाच. वाहतूक पोलिसांत होतो. म्हटलं, पोरं थंडीत असतील."

"मी पोलीस नाही. कंपनीचा माणूस आहे."

"मग गाड्या कोण थांबवतं?"

"थांबवायच्या कशाला? मशीन फोटो काढतं, दंड मोबाइलवर जातो. ते मशीन कुणी उचलून नेऊ नये म्हणून मी बसतो."

ओराझबेकनं त्या पेटीकडे पाहिलं. "म्हणजे कुणी भांडायलासुद्धा येत नाही?"

"कुणाशी भांडणार?" माणूस हसला. त्यानं फटीतून एक बौरसाक घेतला, मान लववून आभार मानले. "जरा बाजूला व्हा हं, आगा. तुम्ही फोटोत येताय." काच वर गेली.

ओराझबेक गाडीत येऊन बसला. हातातली पिशवी अजून उबदार होती. परत फिरावं असं मनात आलं, पण घरी बारा वाजताच पोचून करायचं काय? तो तसाच पुढे गेला. यंत्र आता गप्प होतं. सारी-शागान गावाच्या अलीकडे एक चढ आहे. त्याच्या माथ्यावर त्याची जुनी जागा होती. चौकी केव्हाच पाडली होती. सिमेंटचा चौथरा तेवढा राहिला होता, त्यावर गवत माजलं होतं.

त्यानं निवा चौथऱ्यामागे लावली आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. वारा कोटाचे सोगे उडवत होता. त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला. समोर गवताळ माळ क्षितिजापर्यंत पसरला होता, आणि त्यात एकटा रस्ता.

दक्षिणेकडून एक ट्रक चढ चढत आला. माथ्यावर काळ्या कोटातला माणूस बघून ड्रायव्हरनं वेग कमी केला. अगदी जवळून, सभ्यपणे, तो पुढे सरकला. ओराझबेकनं सवयीनं त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर टाकली. डावा दिवा लागत नव्हता.

उताराला लागताच ट्रकनं समोरून येणाऱ्या गाड्यांना हेडलाइट मारले. एकदा, दोनदा. जपून या, पुढे कुणीतरी उभं आहे.

समोरची गाडी मंदावली. तिच्यामागची मंदावली. तिच्यामागचीही. एकामागून एक त्या चढावर आल्या, त्याच्यासमोरून हळू हळू गेल्या. एका ड्रायव्हरनं गडबडीनं पट्टा लावला, एकानं नुसतीच मान लववली.

ओराझबेकनं चहाचं झाकण चौथऱ्यावर ठेवलं, कोटाचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि ताठ उभा राहिला.