थांबलेली चकती

"पंखा बंद कर. नाहीतर वाऱ्यानं फिरते म्हणतील लोक," बाप मुलीला म्हणाला.

मुलीने पंखा बंद केला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तो वर्षभर मागे लागला होता, म्हणून आज आली होती. टेबलावर त्याचं यंत्र होतं: काचेच्या दोन चकत्या, त्यांवर चंदेरी कागदाच्या पट्ट्या, तारेचे ब्रश. एकदा हाताने फिरवून सोडलं की ते स्वतःच वीज तयार करतं आणि त्याच विजेवर फिरत राहतं, असं त्याचं म्हणणं.

बत्तीस वर्षं तो वीज कंपनीत मीटर तपासत होता. कुणाचं खोटं रीडिंग त्याने कधी खपवून घेतलं नव्हतं. त्यामुळे गल्लीतले लोक निदान तोंडावर तरी हसत नसत.

"परवा चार तास फिरलं. आईला विचार."

आई दारात उभी होती.

त्याने चकत्यांना गती दिली. चटचट ठिणग्या उडाल्या. मुलगी घड्याळ लावून बसली. सहाव्या मिनिटाला वेग उतरला, नवव्याला चकत्या थांबल्या. त्याने ब्रश पुसले, पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"बाबा, घासण्यात जी शक्ती जाते, ती कुठून तरी भरून यायला हवी ना?"

"मग परवा? मी जेवून आलो, आंघोळ करून आलो, बघावं तेव्हा फिरतच होतं की."

"मी फिरवत होते," आई म्हणाली.

त्याने मान वर केली.

मुलगा लाइनमन होता. पाच वर्षांपूर्वी विजेच्या खांबावरच गेला. नोकरी बापानेच लावून दिली होती. तेव्हापासून हा माणूस धड जेवत नव्हता. तार नको, खांब नको, कुणी वर चढायला नको, अशी वीज घरोघर करायची, या एकाच वेडापायी तो सकाळी उठायचा. यंत्र पहिल्यांदा थांबलं तेव्हा दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करून तो न्हाणीत गेला, आणि मंदावलेल्या चकतीला आईने हात लावला. बाहेर आल्यावरचा त्याचा खुललेला चेहरा तिने पाहिला. मग ते तिला सोडवेना.

"किती वेळा?" त्याने विचारलं.

"रोज."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने थांबलेल्या चकतीवर बोट टेकवलं.

"त्याला उंचीची भीती वाटायची," तो म्हणाला. पाच वर्षांत मुलाचा विषय त्याने पहिल्यांदाच काढला होता. "पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मला. मी म्हटलं, होईल सवय."

"मलाही सांगितलं होतं," आई म्हणाली. "मीही तेच म्हटलं."

मुलगी अंगणात गेली. आईने खुर्ची ओढली आणि ती त्याच्या शेजारी बसली.