जमिनीखालची शीर आणि कोपऱ्यातला लॅपटॉप

त्या संध्याकाळी पालकसभेला शाळेच्या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पालक, आजी-आजोबा, शाळेशी काडीचा संबंध नसलेले शेजारीपाजारीसुद्धा बर्फ तुडवत आले होते. सगळ्यांचे बूट दाराशी, सगळे मोज्यांवर उभे, आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका बंद पडलेल्या लॅपटॉपवर.

टेबलामागे सिक्सतन, आमचा पाणाड्या. हातात तांब्याच्या दोन वाकवलेल्या कांड्या. गावातल्या निम्म्या विहिरी यानंच दाखवल्या, असा त्याचा लौकिक. आमच्या उत्तर स्वीडनमध्ये कुठेही खणलं तरी पाणी लागतं, हे कुणी बोलत नाही.

"बॅटरी मेली म्हणता?" तो म्हणाला. "ती मरत नसते. तिचा जीव खाली ओढला जातो. या शाळेखालून पाण्याची शीर जाते. माझ्या गुडघ्यांना दारातच कळलं."

कांड्या फिरल्या. डोळे मिटले. बराच वेळ पुटपुटणं झालं. मग त्यानं बटण दाबलं आणि मघाशी सर्वांदेखत बंद पडलेला लॅपटॉप चार्जर न लावता सुरू झाला.

"हा कुणाचा?"

"तिंद्राचा," तिघं-चौघं एकदम म्हणाले.

तिंद्रा माझ्या सहावीच्या वर्गातली. त्या हिवाळ्यात तिला दोनदा लॅपटॉप बदलून दिला होता, आणि आता तिसराही तास संपायच्या आत मान टाकत होता. बाकीच्या मुलांचे बरे चालत होते.

"यंत्र बदललं तरी तेच. मग खोट कशात?" सिक्सतननं आवाज खाली आणला. "काही माणसांतूनच शीर वाहते. पोरीचा दोष नाही हो. पण तिला इतरांपासून लांब बसवा."

असली माणसं 'दोष नाही हो' म्हणतात आणि एखाद्याला आयुष्यातून उठवतात.

दुसऱ्याच दिवशी अनेलीचा फोन आला. तिची मुलगी तिंद्राच्या शेजारी बसायची. "हे बघ गुनवोर, माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण बसवली तिला बाहेर, तर तुझं काय जातं?"

विश्वास माझाही नव्हता. गणित शिकवते मी. पण असे आणखी फोन आले, मी वैतागले, आणि सोमवारी तिंद्राचं टेबल उचलून बाहेर कोट टांगायच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"थोडेच दिवस गं," मी म्हणाले.

तिनं पेन्सिली गोळा केल्या आणि माझ्यामागून आली. मग जेवतानाही मुलं तिच्या टेबलावरून ताटं उचलून जाऊ लागली. फळ्याशी उभी राहिले की मला दारातून तिची पाठ दिसायची. ते पाहवायचं नाही, म्हणून मी दार लावून घ्यायचे.

तिची आई एकदा मला गाठून म्हणाली, "ती शाळेला यायचं नाव काढत नाही. तालुक्याच्या शाळेत विचारते आहे मी. रोज बसनं जाऊन-येऊन दोन तास जातील, पण निदान तिथे कुणी तिला हात लावायला घाबरणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी दार उघडून तिंद्राजवळ जाऊन बसले. शाळा सुटल्यावर वर्गाचे सगळे लॅपटॉप जिथे चार्जिंगला ठेवतात, त्या कपाटाला ती टेकली होती.

"थंडी वाजते का?"

"नाही. हे कपाट छान गरम असतं," ती म्हणाली.

मी हात लावला. खरंच तापलं होतं. कपाटाला अगदी चिकटून कपडे वाळवायचं कपाट उभं. बर्फात खेळून आलेल्या मुलांचे भिजलेले पोशाख त्यात रात्रंदिवस गरम हवेवर वाळत असतात. शरद ऋतूत जागा पुरेना, म्हणून आम्हीच ही दोन कपाटं एकमेकांना भिडवली होती. लॅपटॉपचे कप्पे आडनावांच्या क्रमानं. तिंद्रा शेवटची, तिचा कप्पा खाली कोपऱ्यात, थेट त्या गरम पत्र्याला लागून. लॅपटॉप कितीदा बदलला तरी कप्पा तोच, आणि रात्रभर चार्जर लावलेला. उष्णता बॅटरीचा काळ असते.

मी तिच्या कप्प्यातला लॅपटॉप बाहेर काढला. त्याचं पोट फुगलं होतं. हे यंत्र ती मांडीवर घेऊन बसायची, आणि ते कधीही पेटलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती देणारी मी.

पुढच्या पालकसभेला मी तिचा आधीचा, दमलेला पण न फुगलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर बंद पडू दिला. मग त्यावर वेलदोड्याचा एक गोड पाव ठेवला आणि सावकाश कॉफी प्यायले. कप संपल्यावर बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला.

"पावात एवढी शक्ती असेल असं वाटलं नव्हतं," मी म्हणाले.

हशा पिकला. "दमलेला माणूस जिन्यात टेकला की आणखी चार पायऱ्या चढतो. थकलेल्या बॅटरीचं तसंच. थांबा जरा." बघता बघता तो पुन्हा बंद पडला. मग मी त्या तापलेल्या कपाटाची हकिकत सांगितली.

सिक्सतन घसा खाकरून म्हणाला, "मग शीर त्या कपाटाच्या खोलीखाली असेल."

"कपाट आम्ही त्याच खोलीत नुसतं समोरच्या भिंतीला सरकवलं. तेव्हापासून तिंद्राचा नवा लॅपटॉप दिवसभर चालतो. खोली तीच आहे, मग तुझी शीर गेली कुठे?"

तो दाराशी बूट शोधायला गेला. अनेली खाली बघत बसली.

सकाळी मी तिंद्राचं टेबल वर्गात आणलं आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. तिनं पेन्सिली नीट लावल्या.

"गुनवोर," ती म्हणाली. आमच्याकडे मुलं शिक्षकांनाही नावानंच हाक मारतात. "शीर-बीर काही नसते, हे तुला आधीपासून माहीत होतं ना?"

"होतं."

"मग मला बाहेर का बसवलंस?"



चमत्कार दाखवणाऱ्याला पकडणं सोपं आहे. त्यानं केलं तेच त्याच्या मंत्राशिवाय करून बघा, एवढं कुणालाही जमतं. तपासल्याशिवाय मानू नका, हे तर मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. पण जाणूनही गप्प बसणाऱ्याचं काय? खोटं आहे हे कळत असेल, तर पहिल्या फोनलाच नाही म्हणा. उशीर केलात, तर तेवढ्यात कुणाचं तरी टेबल बाहेर जात असतं.