कोरडा टॉवेल

अम्मा दिल्लीला येते म्हणाली तेव्हाच मला वास आला. इथली थंडी तिला सोसत नाही, गुडघे धरतात, आणि ऐन जानेवारीत तिला लेकीची आठवण यावी? तिला भाईजाननं पाठवलं होतं. मिरजेत ती त्याच्याच घरात राहते. गेल्या ईदला मी गेले नाही तेव्हापासून तो फोनवर गोड बोलायला लागला होता, आणि आमचा भाईजान गोड बोलला की समजावं, काहीतरी शिजतंय.

शिजायला कारणही होतं. मी इस्लाम सोडला होता. जाहीर वगैरे काही केलं नव्हतं. आधी नमाज सुटली, मग रोजे, मग एक दिवस कळलं की आतलं सगळंच सुटलंय. भाईजानला नुसती शंका होती. खात्री पटली असती तर त्यानं अम्माला पुन्हा माझ्याशी बोलूही दिलं नसतं. आमच्या एका चुलतबहिणीच्या बाबतीत त्यानं ते करून दाखवलं होतं. बाकी कुणाची मला पर्वा नव्हती, पण अम्मा मला हवी होती.

शंका घेणं आमच्या रक्तातच आहे म्हणा. माझ्या नवऱ्याचं दुसरं लग्न मी डब्यावरून पकडलं. मुनीर मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर होता. मी इथे एका मंत्रालयात असिस्टंट, लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर माझ्या नावावर. रोजची ये-जा झेपत नाही म्हणून त्यानं गुडगावात, शेतं विकून नव्यानंच उठलेल्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला. सोमवारी मी भरून दिलेला डबा शनिवारी बुरशीसकट परत यायचा. एका शनिवारी तो लख्ख घासलेला आला, झाकणाच्या खोबणीतसुद्धा कण नाही. उभ्या जन्मात त्या माणसानं स्वतःचा चमचा विसळला नव्हता.

मी गुडगावला गेले. दार उघडणारी बाई माझ्याहून खूपच लहान होती. तिनं मला आपा म्हटलं, चहा केला आणि खाली मान घालून म्हणाली, “उन्होंने तो कहा था, आपकी इजाज़त है.” तिच्यावर रागावताही येईना.

मग वडीलधारे बसले. मौलाना बसले. मुनीरनं धर्माबाहेरचं काही केलेलं नाही, त्यानं दोघींना सारखं वागवावं आणि मी सब्र करावा, असं ठरलं. मी विचारलं, “आणि माझी परवानगी?” मौलाना सज्जन होते, आवाज न चढवता म्हणाले की ती घेतलीच पाहिजे असं नाही. मी कोर्टात जाऊन मुनीरपासून सुटले, पण ते वाक्य सुटेना. ज्या घराची किल्ली फक्त नवऱ्याकडे असते त्या घरात राहायला माझी तयारी नव्हती, मग ते घर कुणीही बांधलेलं असो.

तर, अम्मा आली. निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेसमधून उतरली आणि घरात पाऊल टाकल्यापासून तिचे डोळे फिरायला लागले. कपाट उघडून जानमाज, नमाजाची चटई, हुंगली. “डांबरगोळीचा वास येतोय गं.” मी म्हटलं, “कसर लागते, अम्मा.” तिनं घडी घालून ती परत ठेवली. देवाची तसबीर लपवलीय का, हे बघायला तिनं माझ्या उशाखालीसुद्धा हात घातला असावा, कारण उशी हललेली होती. मीही कमी नव्हते. ऑफिसातून आले की टेलिफोन हाताला गरम लागतो का, म्हणजे अम्मा भाईजानशी बोलली का, ते बघायची. चोराच्या मनात चांदणं.

पहाटे तिच्याआधी उठून मी न्हाणीघरात जायची. बादलीत लोटा आपटायचा, जमिनीवर पाणी ओतायचं, दोनदा खाकरायचं, की झाला वुजू, नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं. मग खोलीत जानमाजवर उठायचं, वाकायचं. स्वतःच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पिकल्या केसांनी, मी नमाजाचं नाटक करत होते. मला माझीच चीड यायची.

रविवारी दुपारी शेजारच्या इंदुमतीताई आल्या. त्या सांगलीच्या. मी रोजे धरत नाही हे त्यांनी कधीच हेरलं होतं आणि आपल्या सोयीचा अर्थ काढला होता. दारातूनच म्हणाल्या, “तसनीम, शुक्रवारी हळदीकुंकू आहे. या वेळी बहाणा नको. आता काय, तू बिल्कुल आमचीच.” मग आवाज खाली आणून, “कुंकवाचं काय ते बघू. नवरा नसलेलीला आमच्यात लावत नाहीत. पण तिळगूळ तर घेशील?”

मला हसू आलं आणि संतापही. एका घरातून बाहेर पडलेल्या बाईला जो तो दुसऱ्या घराचा पत्ता विचारतो. “इंदुमतीताई, मी कुणाचीच झालेली नाही,” मी म्हटलं.

आत मेथी निवडणारा हात थांबला होता. इंदुमतीताईंना अम्मा दिसली. “अच्छा, आई आल्यात वाटतं,” म्हणत त्या सटकल्या.

“कोण आहे तो?” अम्मानं विचारलं.

“कोण?”

“ज्याच्यासाठी सोडलंस.”

“कुणी नाही, अम्मा. मुनीरमुळे सोडलं. आणि तुझ्यामुळे.” बोलून गेले, मग थांबता येईना. “अब्बांनी छोटी अम्मा आणली तेव्हा तू तुझी खोली तिला दिलीस. स्वयंपाकघरात झोपायचीस, आणि तिथंच चुलीशेजारी नमाज पढायचीस. ज्यानं अब्बांना मुभा दिली त्याच्याचपुढे कपाळ टेकायचीस. मला ते तेव्हाही बघवत नव्हतं.”

अम्मा मेथीच्या काड्या गोळा करत राहिली. मला वाटलं, संपलं. आता ही तिकीट काढायला सांगणार.

“कपाळ टेकायचे ते तुला दिसलं,” ती म्हणाली. “मी बोलायचे काय, ते नाही ऐकलंस. भांडायचे मी. तुझ्या अब्बांशी बोलणं बंद होतं, माहेरी कुणी नव्हतं. मग कुणाशी भांडू? अजून भांडते. माझा हिशेब त्याच्याशी व्हायचाय.” तिनं ताट बाजूला सारलं. “तू न भांडताच निघून आलीस.”

“माझं भांडण संपलं, अम्मा.”

“मग कुणाकडे रडतेस?”

मला खरं म्हणजे तिच्याचकडे रडायचं होतं, म्हणून तर ते पहाटेचं नाटक. मी ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा, भाईजानचा. मी उचलायच्या आत अम्मानं उचलला. तसबी, तिची जपाची माळ, तिच्या मनगटाला गुंडाळलेली होती. अम्मा खोटं बोलत नाही. लहानपणी दूधवाल्याला “घरात नाही म्हणून सांग” एवढंसुद्धा ती आम्हाला सांगू द्यायची नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

“हं, बघितलं,” ती म्हणाली. “पढते. पाचही वक्त.” भाईजान बराच वेळ बोलला. “अरे, माझ्या शेजारी उभी राहून पढते, मी काय आंधळी आहे? इतकी थंडी, पण पहाटे फजरला गार पाण्यानं वुजू करते पोरगी. परत मला असलं काही विचारू नकोस.”

तिनं फोन ठेवला. माझ्याकडे न बघता ती न्हाणीघराकडे निघाली.

“थोडं पाणी गरम कर,” म्हणाली. “आता मला माफी मागायची आहे.”

मी पातेलं गॅसवर ठेवलं. ती दारात थांबली आणि खुंटीवरचा माझा टॉवेल तिनं दोन बोटांत धरून चाचपला.

“तुझा भाईजान एखादे वेळी स्वतः येईल,” अम्मा म्हणाली. “टॉवेल ओला करत जा. पहिल्या दिवसापासून कोरडा आहे.”