नाथाची खाट

आमच्या कोपरीच्या ट्रस्टकडे चाकाच्या खुर्च्या आहेत, कुबड्या आहेत, वॉकर आहेत आणि डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या पाच खाटा आहेत. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की लोक येऊन वस्तू फुकट नेतात आणि गरज सरली की धुऊनपुसून परत आणतात. काही जण न पुसता आणतात, त्यांना मी चांगलं सुनावते. निवृत्त झाल्यापासून हे केंद्र मीच सांभाळते आणि गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही.

खाटा सखुबाई भोईरांनी दिल्या. घोडबंदर रोडला त्यांची शेती होती. आता तिथे टॉवर आहे आणि त्यातच वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा नाथा आजारात अंथरुणावर पडून राहिला आणि गेला. त्यानंतर त्या आमच्या अध्यक्षांकडे, गोपीनाथरावांकडे आल्या. खाटांवर माझ्या पोराचं नाव असू द्या, कुणाच्या तरी तोंडी ते येत राहू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. गोपीनाथरावांनी उशाकडच्या बाजूला पितळी पट्ट्या बसवून घेतल्या. मजकूर आमचा ठरलेला, पंख्यापासून पाण्याच्या कूलरपर्यंत सगळीकडे तोच: ‘कै. नाथा भोईर यांच्या स्मरणार्थ’.

पंख्याचं ठीक आहे हो. पण आजारी माणसाच्या डोक्याशी ‘कै.’? पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी टेम्पोत चढवलेली खाट पट्टी वाचून खाली उतरवली आणि निघून गेल्या. पट्ट्या बदला म्हटलं, तर देणगीदार दुखावतील म्हणून गोपीनाथराव हात वर करायचे. शेवटी मीच प्रत्येक पट्टीवर उशीचा अभ्रा बांधून द्यायला लागले. खाटा जाऊ लागल्या, पण नाथाचं नाव काही कुणाच्या तोंडी येईना.

अशात सखुबाईंचा फोन आला. कुणाच्या तरी घरी नेऊन नाथाची खाट दाखव म्हणाल्या. पोराचं नाव झाकलेलं बघून म्हातारी खचेल, याच्याच धास्तीने मी दोन दिवस नीट जेवले नाही.

शहाडला उत्तम नावाचा रंगारी परांचीवरून पडून कंबर मोडून घेऊन पडला होता. त्याच्या बायकोला, ऐश्वर्याला, मी आधीच फोन करून अभ्रा तेवढा काढून ठेवायला सांगितलं होतं. आम्ही पोचलो तर अभ्रा जागच्या जागी. वर तिने चारी बाजूंनी टाके घातलेले.

सखुबाईंनी खाटेवरून हात फिरवला, उत्तमची विचारपूस केली आणि नाव कुठे आहे म्हणून विचारलं. ऐश्वर्याने कात्री आणून टाके उसवले. तिचे डोळे भरले होते, पण बोलायची ती बोललीच.

“आजी, राग मानू नका. माझा नवरा जिवंत आहे. रोज सकाळी त्याच्या डोक्याशी हे नाही बघवत मला.”

सखुबाई माझ्याकडे वळल्या. “बाय, मना वाचता नाय येत. काय लिवलाय तो वाच.”

मी वाचलं. ‘कै.’ म्हणजे काय, तेही त्यांनी विचारलं आणि मला सांगावं लागलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना हा मजकूर आम्ही एकदाही वाचून दाखवला नव्हता. मला आम्हा सगळ्यांची लाज वाटली.

पट्टीवरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, “तो गेला, ह्या मना म्हाईत हाय. दुसऱ्याला कशाला सांगाचा? नुसता नाथा लिवा.”

दुसऱ्या दिवशी मी गोपीनाथरावांचं काही ऐकून घेतलं नाही. नव्या पट्ट्यांवर दोनच अक्षरं आहेत. आता लोक फोनवर विचारतात, “नाथा आहे का हो मोकळा?” आणि मी वहीत बघून सांगते.

गेल्या रविवारी सखुबाईंनीही तेच विचारलं. म्हटलं, मोकळा कसला, पाचही बाहेर आहेत. एक तर सकाळीच डोंबिवलीला गेला, एका आजोबांकडे.

पलीकडे त्या हसल्या.

“कामाला लागला माजा पोऱ्या.”